बोटीच्या छताला काढता-घालता येणारे पडदे कसे लावायचे

पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, कुठंही स्वतःची छोटी बोट नेणाऱ्यांना एक अडचण पक्की माहिती असते, पोहून झाल्यावर बायकांनी ओले कपडे बदलायचे कुठं. काठावर आडोसा नाही, बोटीला वर छत आहे पण चारी बाजू उघड्या, मग कोणीतरी टॉवेल धरून उभं राहायचं आणि बदलणारीनं जीव मुठीत धरून घाई करायची. बाळाला पाजायचं असलं तरी तेच. बऱ्याच जणी या एका कारणासाठी पाण्यात उतरतच नाहीत आणि मला ते फार वाईट वाटतं, कारण चार पडदे आणि मूठभर टिचबटणं यात हा प्रश्न कायमचा सुटतो.

काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, छताच्या मूळ कापडाला मधे कुठंही बटणासाठी भोक पाडायचं नाही. छत ताणून बसवलेलं असतं, त्यात एक भोक पडलं की ताण तिथं येतो, पावसाळ्यात पाणी तिथूनच झिरपतं आणि पुढं कापड तिथूनच फाटायला लागतं. पडदा परत शिवता येतो, छत नवीन करायचं म्हणजे चांगलाच खर्च. म्हणून आपण छताच्या खालच्या काठाला, जिथं कापड आधीच दुमडून शिवलेलं असतं, तिथं एक झालर जोडणार आणि सगळी बटणं त्या झालरीवर घेणार. झालर शिवताना सुईची भोकं पडतात हे खरं, पण ती काठाच्या दुमडीत, पाणी तिथून नाहीतरी खालीच गळणार असतं.

झालरीचं दुसरं कारण आपल्या धरणांचं आहे. डिसेंबरनंतर पाणी उतरायला लागतं आणि मे महिन्यात तर काठ इतके उघडे पडतात की बोट खाली आणि माणसं वर चढावर उभी. म्हणजे बघणारा समोरून नाही, वरून बघतो. नुसता पडदा छताच्या काठाला बटणांनी अडकवला तर दोन बटणांच्या मधे कापड थोडं झोळ खाऊन खाली येतं आणि बरोब्बर त्या फटीतून वरच्या माणसाला आत दिसतं. झालर बाहेरून आणि पडदा तिच्या आतून लावला की फट झाकली जाते. तेच खाली उलटं, पडद्याचा खालचा काठ बोटीच्या कठड्याच्या बाहेरून सोडायचा. कौलं जशी एकावर एक येतात तसंच हे, पाणी वरच्यावरून खालच्यावर आणि तिथून बाहेर, आत काही येत नाही.

आता कापड. रेक्झिन किंवा जाड पीव्हीसी घेऊ नका, आत भट्टी होते आणि घडी घालून ठेवलं की बुरशी धरते. बोटीच्या कव्हरसाठी जे ॲक्रिलिक कॅनव्हास मिळतं, ज्याचा रंग धाग्याच्या आतपर्यंत असतो, ते साधारण ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) असतं, उन्हात रंग लवकर उडत नाही आणि हवा थोडी खेळती राहते, छत त्याचंच असेल तर झालर त्याच कापडाची करा. पडद्याला एवढं जड नसलं तरी चालतं, चांगलं पॉलिस्टर कॅनव्हास हलकं पडतं आणि गुंडाळी लहान होते. मात्र कापड घ्यायच्या आधी एक टेस्ट करायचीच, घरी रात्री दिवे बंद करून कापडामागं मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि टॉर्चच्या पुढं हात हलवायचा, बोटांची सावली दिसली तर ते कापड नको. दिवसा अजिबात आरपार न दिसणारं कापड संध्याकाळी आत दिवा लागला की सगळं दाखवतं, आणि हे कळतं तेव्हा आतल्या बाईला सांगायला कोणी नसतं.

दोरा कॉटनचा अजिबात नको, ऊन आणि ओल यात कुजतो. नायलॉनही उन्हात लवकर मान टाकतो. बाहेरच्या वापराचा जाड पॉलिस्टर दोरा मागायचा, सुई १८ नंबरची, आणि टाका लांब ठेवायचा, इंचाला सहा ते आठ टाके, बारीक टाक्यानं कापडाला नुसती भोकांची रांग पडते आणि ताण आला की तिथूनच उसवतं. घरातली जुनी काळी पायमशीन तीन-चार थर निभावून नेते. नवीन हलक्या मशीनवर हट्ट करू नका, सुया मोडतात.

बटणं हा या कामाचा जीव. टिचबटणाचे चार भाग असतात, पडद्यावर टोपी आणि तिच्या मागं वाटी, झालरीवर गोटी आणि तिच्या मागं आयलेट, म्हणजे भोकात बसणारी धातूची कडी. बोटीच्या कामाला मोठ्या साइजची, पितळेवर निकेल चढवलेली घ्यायची, धरणाच्या गोड्या पाण्यात ती छान टिकतात. बोट अलिबाग-मुरुडकडं खाऱ्या पाण्यात नेत असाल तर मात्र सरळ ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या. घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, बटण चिकटलं तर लोखंड आहे आणि एका पावसाळ्यात गंजाचे डाग कापडावर उतरणार. पुण्यात बोहरी आळीत दोरी, इलॅस्टिकची दोरी, हूक, हातोडी सगळं एका फेरीत मिळतं, बटणांचा डाय-पंच (बटण ठोकायला खालचा साचा आणि वरचा दांडा) तिथं नाही मिळाला तर नाना पेठेत गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्यांकडं विचारायचं.

खरं सांगायचं तर शिवणकाम येत नसेल तर हे काम पुण्यात सगळ्यात चांगलं रिक्षाचे हूड शिवणारे करतात. पावसाळ्यात रिक्षाला जे बाजूचे पडदे लागतात ते त्यांच्याच हातचे, जाड कापड, बटण, वळणाची नळी हे सगळं त्यांना रोजचं आहे. फक्त दोन गोष्टी आधी बोलून घ्यायच्या. मी बटणं सहा-सहा इंचावर सांगितली तर मास्तर म्हणाले, "ताई, रिक्षाला फुटावर बटण चालतं, उगाच खर्च कशाला वाढवताय?" मी म्हटलं, "मास्तर, रिक्षात पाऊस अडवायचा असतो, इथं नजर अडवायचीय." लगेच पटलं त्यांना. दुसरं म्हणजे दोरा आपण नेऊन द्यायचा.

माप घेताना छत नळ्यांवर पूर्ण ताणून बसवलेलं पाहिजे, सैल छतावर घेतलेलं माप फुकट जातं. आणि टेपनं लांबी-रुंदी घेऊन चौकोनी पडदे कापू नका, कारण छताची कमान मधे उंच आणि पुढं-मागं उतरती असते, कठडा पण सरळ नसतो. जुने पेपर एकमेकांना चिकटवून किंवा रंगकामाचं पातळ प्लॅस्टिक घेऊन ते छताच्या काठाला कपड्याच्या चिमट्यांनी टांगायचं, आणि वरची रेष, खालची रेष, नळ्या कुठं येतात ते मार्करनं सरळ त्याच्यावर काढायचं. प्रत्येक तुकड्यावर लिहायचं, डावी पुढची, डावी मागची, बाण काढून पुढचं तोंड कुठं ते, नाहीतर घरी आल्यावर फरशीवर सगळे सारखेच दिसतात.

पडदे छोटे ठेवा. एका बाजूला एकच लांबच्या लांब पडदा दिसायला छान पण वारा आला की तो एकट्या माणसाला आवरत नाही. तीन ते चार फुटांचा एक असे तुकडे करा, शेजारच्या पडद्यावर चार इंच चढेल एवढी रुंदी जास्त धरा, खाली कठड्याच्या चार इंच खाली जाईल एवढी लांबी. दुमडीसाठी सगळीकडून दोन-दोन इंच वेगळे. जिथं दोन पडदे एकमेकांवर येतात तिथं उभी वेलक्रोची पट्टी चालते, वर मात्र वेलक्रोवर विसंबू नका, धूळ आणि गवताची कुसळं धरून तिची पकड जाते. चेन लावली तर फट अजिबात राहत नाही हे मान्य, मोठ्या दातांची प्लॅस्टिकची चेन चांगली चालते, पण मी तरी टिचबटणच सांगेन आणि त्याचं कारण पुढं येईल.

झालर तयार करताना सहा इंच रुंद पट्टी दुहेरी करायची आणि दोन थरांच्या मधे नवारीची पट्टी घालायची, सगळी बटणं त्या नवारीतून गेली पाहिजेत, नुसत्या कापडात बसवलेलं बटण एक दिवस कापडासकट हातात येतं. पडद्याच्या वरच्या दुमडीतही तशीच नवार. छत काढायच्या आधी झालरीची जागा खडूनं मारून घ्या, मग छत काढून झालर काठाच्या जुन्या शिलाईवरून शिवा, दोन ओळी.

बटण ठोकायची पद्धत नीट सांगते कारण इथंच काम बिघडतं. भोक कात्रीनं पाडायचं नाही, सोल्डरिंगच्या गरम टोकानं पाडायचं, म्हणजे कडा वितळून बंद होते आणि धागे सुटत नाहीत. भोक बटणाच्या दांडीएवढंच, दांडी थोडी जोर लावून आत गेली पाहिजे. खाली पक्की बैठक हवी, जुना पाटा किंवा दगडी फरशीचा तुकडा उत्तम, लाकडी टेबलावर ठोका सगळा टेबल खातो. टोपी डायमधे उलटी, वर कापड, त्यावर वाटी, मग पंच सरळ उभा धरून दोन-तीन बेताचे ठोके. आता टोपी चिमटीत धरून फिरवून बघा. फिरली तर अजून एक ठोका, हलत नसेल तर झालं. दांडी एका बाजूला वाकलेली दिसली तर ते बटण पक्कडीनं काढून टाकून दुसरं लावा, तसंच ठेवलं तर ते कापड कापत राहतं.

आधी फक्त झालरीवरच्या गोट्या लावायच्या, आतल्या तोंडाला, सहा-सहा इंचावर, झालरीच्या खालच्या काठापासून दोन इंच वर. मग छत परत बोटीवर ताणून बसवायचं आणि पडदा आतून चिमट्यांनी झालरीला टांगायचा. मधल्या गोटीवर खडू घासा, पडदा त्यावर अंगठ्यानं दाबा, उमटलेल्या खुणेवर टोपी-वाटी ठोका आणि अडकवून टाका. मग दोन्ही टोकं, मग मधली एक-एक, प्रत्येक वेळी आधीची सगळी अडकवूनच पुढची खूण घ्यायची. टेपनं मोजून सगळी भोकं एकदम पाडली की शेवटची बटणं जुळत नाहीत, कापड थोडं ताणतंच. आणि कापड कोरडं असताना, फार न ओढता हे करा, थंडीत कापड आखडतं, उन्हाळ्यात तट्ट बसवलेला पडदा मग जानेवारीत बटणापर्यंत पोचत नाही.

खालच्या काठाला बटणं लावायची तर बोटीच्या अंगात स्क्रूच्या गोट्या घालाव्या लागतात. मी त्यापेक्षा पडद्याच्या खालच्या दुमडीत आयलेट मारून त्यातून इलॅस्टिकच्या दोरीचे फास काढते आणि ते कठड्याच्या बाहेरच्या हुकांना किंवा रेलिंगला अडकवते, वारा आला तर दोरी ताणते आणि सोडते, कापडावर धक्का येत नाही. हूक बसवायचे झालेच तर ३ मिमीचं भोक आधी पाडून, त्यात सीलंट भरून मगच स्क्रू, फायबरच्या आत एकदा पाणी शिरलं की ते लवकर बाहेर येत नाही.

आता टिचबटणाचं कारण. बोटीत काहीही झालं, बोट कलली, लहान मूल घाबरलं, तर आतून नुसतं ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे. टिचबटण ढकलल्यावर सुटतं, चेन आणि गाठी सुटत नाहीत. म्हणून पडदा दोरीनं आवळून बांधू नका, एका बाजूचा तरी पडदा खालून मोकळा ठेवा, आणि आपण पडद्याच्या आत आहोत म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवायची नाहीत.

याहून महत्त्वाचं, पडदे लावलेले असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, जनरेटर नाही, शेगडी नाही. इंजिनाचा धूर मागच्या बाजूनं आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते आणि माणसाला वाटतं ऊन लागलं. कोणाला असं व्हायला लागलं तर आधी सगळे पडदे उघडून मोकळ्या हवेत न्या. पडदे फक्त नांगर टाकल्यावर किंवा बोट बांधल्यावर. चालत्या बोटीत चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंचं दिसलंच पाहिजे, शिवाय पडदे वारा धरतात आणि हलकी बोट भलतीकडं जायला लागते. एप्रिल-मे मधे दुपारनंतर डोंगरामागं ढग जमले की वळवाच्या आधीचा वारा एकदम येतो, नांगर टाकलेली बोटसुद्धा सरकते, तेव्हा ढग दिसताच पडदे उतरवा, पावसाची वाट बघू नका.

काढताना कापड धरून ओढायचं नाही, बटणाच्या अगदी शेजारी बोट घालून एक कडा उचलायची, पट्कन सुटतं. बटणं कडक झाली तर गोटीवर मेणबत्ती घासा. ओले पडदे गुंडाळून तसेच ठेवू नका, घरी आल्या आल्या गॅलरीत सावलीत वाळत टाका, मळले तर साधा साबण आणि मऊ ब्रश, वॉशिंग मशीन आणि ब्लीच नको. वाळले की घडी न घालता गुंडाळी करायची, टोप्या आतल्या बाजूला, आणि प्रत्येक पडद्याच्या आतल्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके घालून ठेवायचे, लाल डावीकडचा, निळा उजवीकडचा, एक टाका पुढचा, दोन मागचा, म्हणजे उजेडात रंगावरून बाजू कळते आणि बोटीत अंधार पडला तरी पुढचा कुठला, मागचा कुठला ते बोटानं चाचपून कळतं.