एनपीटेलच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट हवे असेल तर

विज्ञान, अभियांत्रिकी किंवा डिझाइनचे शिक्षण घेताना 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील एनपीटेल (आयआयटी व आयआयएससी यांचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) अभ्यासक्रमाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, गुणपत्रिकेत यावे अशी इच्छा असेल, तर नावनोंदणीपूर्वीच विभागप्रमुखांकडून तो विषय आपल्या अभ्यासक्रमातील नेमक्या कोणत्या विषयाऐवजी ग्राह्य धरला जाईल, याची लेखी मान्यता घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. मात्र कोणते विषय चालतील हे विद्यापीठ व महाविद्यालय ठरवते, आणि तोंडी होकारावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अभ्यासक्रमात विनामूल्य नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचीही नोंदणी झाली असे होत नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा असून त्याचे शुल्कही वेगळे भरावे लागते. अंतिम गुणांत साप्ताहिक असाइनमेंटचा वाटा 25 आणि केंद्रावर प्रत्यक्ष द्यायच्या परीक्षेचा 75 असतो. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30, अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. त्यामुळे एखादा आठवडा चुकला तरी खचून अभ्यासक्रम सोडू नये.

अर्जातील नाव विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणेच लिहावे, कारण आडनाव आधी की नंतर एवढ्या फरकानेही क्रेडिट जमा होण्यास अकारण विलंब होऊ शकतो.