मायनरचं फर्मवेअर अपडेट करताय? या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडं सेकंडहँड अँटमायनर (बिटमेन कंपनीचं बिटकॉइन मायनिंगचं मशीन) घेतलेली पोरं आहेत आणि त्यांचा फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतो, "अपडेट मारलं अन् मशीन मेलं भो". खरं तर मेलेलं नसतंच, फर्मवेअर म्हणजे मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर बदलताना घाई झालेली असते.

सगळ्यात मोठा घोळ फाईलचा. मॉडेलचं नाव एक म्हणजे मशीन एकसारखं, असं नसतं बरं का. एस१९ जे प्रो हे अँटमायनरचं मॉडेल घ्या. त्यात कंट्रोल बोर्ड (मशीन चालवणारं मुख्य सर्किट) वेगवेगळे येतात, झायलिंक्स, बीगलबोन, अ‍ॅमलॉजिक, सीव्हीटेक, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. आधी कव्हर काढून बोर्ड बघा, मगच डाऊनलोड करा. आणि फाईल अनझिप करू नका, टारजीझेड (.tar.gz) असो नाहीतर बीएमयू (.bmu), ब्राउझरमध्ये मशीनचं सेटिंग पेज उघडून आहे तशीच अपलोड करायची.

फाईल बिटमेनच्या साईटवरूनच घ्या, किंवा ब्रेन्ससारखं दुसरं फर्मवेअर हवं असेल तर त्यांच्या स्वतःच्या साईटवरून. टेलिग्रामवर कोणीतरी टाकलेली "ओव्हरक्लॉक स्पेशल" (मशीन ठरल्यापेक्षा जोरात पळवणारी) फाईल घेऊ नका. २०१९ च्या सुरुवातीला चीनमध्ये एचअँट नावाचा रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) अँटमायनरमध्ये घुसला होता, पैसे दे नाहीतर मशीन तापवून जाळतो अशी धमकी यायची! आणि मशीनचं लॉगिन अजून रूट-रूटच (युजरनेम अन् पासवर्ड दोन्ही root) ठेवलं असेल तर तो पासवर्ड आजच बदला.

अपलोड चालू असताना लाईट गेली तर फर्मवेअर अर्धवट राहतं. एस१९ सव्वातीन हजार वॉटच्या आसपास खातो, तो घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून लाईट जाण्याची वेळ टाळून करा, वादळी पावसाच्या दिवसात तर नकोच. लॅपटॉप वायफायवर ठेवू नका, लॅन केबल लावा. पेज अडकल्यासारखं दिसलं म्हणून रिफ्रेश मारू नका, मशीन आपोआप रीबूट होऊ द्या.

अपडेटच्या आधी पूल (अनेकांनी मिळून मायनिंग करायचा सर्व्हर) आणि वर्कर (त्यातलं तुमच्या मशीनचं नाव) यांच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा, कारण कीप सेटिंग (जुनी सेटिंग ठेवा) वर टिक राहिली नाही तर सगळं उडतं. नंतर परत उघडून पूलचा पत्ता तुमचाच आहे का बघा, बाहेरच्या फाईलमध्ये तो गुपचूप बदललेला असू शकतो.

आता "मेलेलं" मशीन. पेजच उघडत नसेल तर आधी राउटरमध्ये मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललाय का बघा, मग ब्राउझरचा कॅशे साफ करा. आयपीच दिसत नसेल तर एसडी कार्डनं रिकव्हरी करायची, कार्ड १६ जीबी किंवा त्यापेक्षा लहान आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. एस९ हे जुनं मॉडेल असेल तर कंट्रोल बोर्डवरचा जेपी४ जंपर (पिनांवर बसवलेली छोटी टोपी) हलवावा लागतो आणि काम झालं की परत जागेवर लावायचा. एखादा हॅशबोर्ड (मायनिंगच्या चिप असलेला बोर्ड) दिसत नसेल तर मेन बंद करून केबल काढून परत बसवा, चालू मशीनमध्ये केबलला हात लावायचा नाही. ब्रेन्स टाकलं असेल तर ट्यूनिंग (चिपची सेटिंग आपोआप जुळवणं) होईपर्यंत हॅशरेट (मायनिंगचा वेग) खालीवर होतो, लगेच परत जुनं टाकायची गडबड नको.

आणि मे महिन्यात हीट प्रोटेक्शननं मशीन बंद पडलं तर फर्मवेअरला दोष देऊ नका. एस१९ ला भोवतीची हवा ४० अंशापर्यंतच चालते, अन् आपल्याकडं बाहेरच पारा ४४-४५ ला जातो. त्याला अपडेट नाही, एक्झॉस्ट लागतो.

मशीन नीट चालतंय, हॅशरेट पूर्ण येतोय आणि सिक्युरिटीचा काही इश्यू नसेल, तर मी तरी अपडेट करत नाही. काही व्हर्जननंतर मागं जाताच येत नाही.