गल्लीतल्या चोऱ्या कशा कमी झाल्या, माझा अनुभव

आमच्याकडे रात्री गाड्यांच्या बॅटऱ्या, सायकली, पेट्रोल असं काहीबाही जायचं आणि लोक नुसते आपापसात वैतागायचे, तक्रार कोणीच देत नव्हतं. बीटवरच्या पोलिसांना भेटलो तर ते म्हणाले, नोंदच नाही तर कागदावर तुमच्या गल्लीत काही घडतच नाही, आणि गस्त वाढते ती नोंदी बघूनच. हे मला एकदम पटलं.

मग शेजाऱ्यांच्या मागे लागून प्रत्येक चोरीची, अगदी सायकलच्या सीटची सुद्धा, लेखी तक्रार द्यायला लावली, वेळ, जागा, गाडीचा नंबर सगळं टाकून. पोलिसांसोबतच्या मीटिंगमध्ये नोंदी एकत्र बघितल्यावर कळलं की बहुतेक चोऱ्या पहाटे आणि बंद दिव्याच्या कोपऱ्यावरच होतायत. दिवा दुरुस्त करून घेतला, फांद्या छाटल्या, पोलिसांनी गस्तीची वेळ बदलली.

एक नियम मात्र कडक ठेवला, कोणालाही स्वतः पकडायचं नाही, मारहाण तर अजिबात नाही, आणि ग्रुपवर संशयिताचा फोटो टाकायचा नाही, निरपराध माणूस भरडला जातो हो त्यात. बघायचं, लिहायचं, पोलिसांना फोन करायचा.

चोऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत पण बऱ्याच कमी झाल्या. पोलिसांसोबतची मीटिंग मात्र चालू ठेवा, शांतता झाली की लोक यायचेच बंद होतात.