पोषणशास्त्रात पीएचडी करायचीय? बेळगाव-खानापूरकडच्या पोरापोरींसाठी

आमच्या भागातनं फूड अँड न्यूट्रिशनमध्ये एमएस्सी करणाऱ्या मुली बऱ्याच आहेत पण पुढं पीएचडी म्हटलं की घरचे पण घाबरतात आणि मुली पण, म्हणून जे मला माहीत आहे ते सांगते.

आधी एंट्रन्सचं. २०२४ पासनं बऱ्याच युनिव्हर्सिट्या यूजीसी नेटच्या (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा) मार्कांवर पीएचडीला घेतात, आपला विषय होम सायन्समध्ये येतो. जेआरएफ (नेटमध्ये वरचे मार्क पडले की मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार, नंतर एसआरएफ (त्याच फेलोशिपची पुढची पायरी) झाली की ४२ हजार, शिवाय घरभाडं भत्ता, म्हणजे घरच्यांकडं पैसे मागायला नको. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ वेगळी असते आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाची वाट पण वेगळी, तिथं आयसीएआरची (कृषी संशोधन परिषद) परीक्षा बघा. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, बायकांना त्या सहाच्या वर आणखी सवलत आहे आणि बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा पण. हे घरात नक्की सांगा, लग्नाची बोलणी चालू असली तर जास्तच.

आता खरं सांगायचं ते हे की विषय निवडताना "मला हे नीट मोजता येईल काय" हा प्रश्न पहिला विचारा. ॲनिमिया, कुपोषण, मिलेट्स, सगळेच विषय चांगले वाटतात की, पण पोषणशास्त्रात सगळं काम मोजण्यातच आहे आणि माणसाचं जेवण मोजणं भयंकर अवघड.

फील्डवर चोवीस तासांचा रिकॉल घ्यायचा असतो, म्हणजे काल सकाळपासनं काय काय खाल्लं ते सगळं. खानापूरकडच्या एका गावात एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या "काय खातंय बाई, दोन भाकऱ्या आणि आमटी." मी वजनकाटा काढला, त्यांची भाकरी आणि शेजारच्या अक्कांची भाकरी ठेवून बघितली तर एक शंभर ग्रॅमच्या आसपास आणि दुसरी पावणेदोनशेच्या घरात! दोघींच्या तोंडी "दोन भाकऱ्या"च. परत विचारलं की भाकरीबरोबर शेंगाची चटणी होती काय, तेल घातलंत काय, जेवल्यावर चहा घेतलात काय, तेव्हा एकेक बाहेर यायला लागलं. चहा विसरू नका, त्यातल्या पॉलीफेनॉल्स नावाच्या घटकांमुळं लोह कमी शोषलं जातं. आणि बऱ्याच घरात बाई सगळ्यात शेवटी बसते, "उरलं ते खाल्लं" असं म्हणते, ते उरलं म्हणजे किती हे विचारल्याशिवाय उठायचं नाही.

कशात किती लोह, किती प्रोटीन हे बघायला हैदराबादच्या एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ची टेबलं आहेत, ५२८ खाद्यपदार्थांची, पण बहुतेक कच्च्या मालाची, म्हणून प्रत्येक आमटीत डाळ किती, तेल किती, पाणी किती हे घरोघरी विचारून काढावं लागतं. याला कंटाळलात तर थिसिसमधले आकडे नुसते नावाला राहतात.

आपल्याकडं एक फायदा आहे तो वापरा. मराठी आणि कन्नड दोन्ही येतं ना? खानापूर, निपाणीकडं मराठीत आणि बैलहोंगल, सौंदत्तीकडं कन्नडमध्ये बाई मोकळेपणानं बोलते. संमतीपत्र आणि प्रश्नावली दोन्ही भाषांत करा आणि भाषांतर परत मूळ भाषेत करून तपासून घ्या.

रक्त घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची (माणसांवरचं संशोधन योग्य आहे काय ते बघणारी समिती) मंजुरी पाहिजेच. कुणाला लोहाच्या गोळ्या किंवा लाडू देऊन ट्रायल करणार असाल तर पहिला माणूस घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (अशा ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी करावी लागते. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासणार असाल तर सीआरपी (अंगातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी) पण तपासा, अंगात ताप किंवा इन्फेक्शन असलं की फेरिटिन वाढलेलं दिसतं आणि लोह कमी असलेली बाई नॉर्मल वाटते. हा खर्च प्रपोजलमध्येच धरा, नंतर कोण देत नाही.

गाईड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा, थिसिस किती वर्षांत झाली, सर किंवा मॅडम ड्राफ्ट वाचून किती दिवसांत देतात हे विचारा. मोठ्या नावापेक्षा हे बघणं जास्त कामाचं.

आणि फॉर्म भरायच्या आधी एक करा, ती टेबलं घेऊन आपल्याच घरातल्या कालच्या जेवणाचं लोह काढून बघा, आईचं वेगळं आणि बाबांचं वेगळं. त्यात रात्र कशी गेली कळलं नाही तर भरा फॉर्म. जीवावर आलं तर हॉस्पिटलात डाएटिशियनचं काम पण चांगलं आहे, तिथं पण माणसं लागतातच.