लिनक्स सर्व्हरचे पंखे शांत कसे करावेत

पंखे शांत करायला बसण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी: त्यांची सूत्रे कोणाच्या हातात आहेत. साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवर पंख्यांचा वेग बहुधा लिनक्सला थेट बदलता येतो. खऱ्या सर्व्हर बोर्डवर मात्र बीएमसी नावाची वेगळी चिप असते. ती स्वतःच एक छोटा संगणक असून मुख्य यंत्र बंद असतानाही जागी असते, आणि पंखे तिच्या ताब्यात असतात. हा भेद न सांगता ‘अमुक पॅकेज टाका, काम होईल’ असे सांगणाऱ्यांनी पुष्कळांचे दिवस वाया घालवले आहेत.

धूळ झाडलेली आहे आणि झाकण बसवलेले आहे, असे मी गृहीत धरतो. झाकण काढल्याने सर्व्हर थंड राहतो हा समज सोडून द्यावा. हवा आखलेल्या वाटेने जाईनाशी होते आणि पंखे उलट जास्तच ओरडतात.

प्रथम तापमान आणि पंख्यांचा वेग वाचणारे एलएम-सेन्सर्स हे पॅकेज घेऊन सेन्सर्स-डिटेक्ट चालवावे व नंतर ‘सेन्सर्स’ हा आदेश द्यावा. यादीत पंख्यांचे मिनिटाला होणारे फेरे दिसले तर पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवून फॅनकंट्रोलची, म्हणजे तापमानानुसार पंख्यांचा वेग बदलणाऱ्या सेवेची, सेटिंग फाइल तयार करावी. पीडब्ल्यूएमकॉन्फिग चाचणीसाठी पंखे खरोखरच थांबवून पाहतो, म्हणून त्या वेळी यंत्रावर काम चालू नसावे. थांबलेल्या पंख्याला हलवायला लागणारा जोर फिरत्या पंख्याला फिरता ठेवण्यापेक्षा अधिक असतो, त्यामुळे त्या फाइलमधील ‘मिनस्टार्ट’चा (पंखा सुरू करण्याचा) आकडा ‘मिनस्टॉप’पेक्षा (तो फिरता ठेवण्याच्या आकड्यापेक्षा) मोठा ठेवावा. कर्नल बदलल्यावर सेन्सर चिपला लिनक्सने दिलेला हार्डवेअर मॉनिटर क्रमांक बदलला तर फॅनकंट्रोल सुरू होण्यास नकार देते. तेव्हा पीडब्ल्यूएमकॉन्फिग पुन्हा चालवावे.

यादीत केवळ प्रोसेसरचे तापमान दिसले, तर तिथे वेळ न दवडता बीएमसीशी बोलणारे आयपीएमआयटूल घ्यावे. ‘सेन्सर’ या उपआदेशाने प्रत्येक पंख्याचे फेरे आणि त्यापुढे इशारा कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या त्याच्या मर्यादा दिसतात. ही यादी आधी फाइलमध्ये जपून ठेवावी.

खरी अडचण इथे सुरू होते. मी माझ्या सर्व्हरमधील कर्कश पंखे काढून मोठे, संथ पंखे बसवले. यंत्र सुरू केले, आवाज छान उतरला, आणि काही सेकंदांत सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने किंचाळू लागले. पुन्हा उतरले, पुन्हा किंचाळले. मी प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट दोनदा बदलली, पंखे सदोष असल्याची तक्रारही केली. तापमान मात्र सबंध वेळ ४० अंशांच्या आसपास होते, आणि त्याकडे मी पाहिलेच नव्हते. शेवटी बीएमसीची घटनानोंद उघडली, तर पंखा खालच्या गंभीर मर्यादेच्या खाली गेल्याच्या ओळींची रांग लागलेली होती.

बिघाड कुठेच नव्हता. नवा पंखा शांतपणे ४५० फेऱ्यांवर फिरत होता, आणि बोर्डाची गंभीर मर्यादा ५०० होती. त्याखाली जाणारा पंखा बीएमसीच्या लेखी बंद पडलेला असतो, म्हणून ती बाकीच्यांना पूर्ण वेगाने पळवते. त्या भरात हा पंखाही मर्यादेच्या वर येतो, इशारा मिटतो, वेग उतरतो, आणि चक्र पुन्हा सुरू होते. तेव्हा वेगाला हात लावण्याआधी मर्यादा खाली आणाव्यात, हा क्रम उलटवू नये.

आयपीएमआयटूलच्या सेन्सर-थ्रेश आदेशात पंख्याचे नाव, ‘लोअर’ हा शब्द आणि तीन आकडे द्यावे लागतात: आधी भरून न येणारी मर्यादा, मग गंभीर, मग सौम्य, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. माझ्या ४५० फेऱ्यांच्या पंख्याला मी १००, २०० आणि ३०० दिले. पंख्याचे फेरे स्थिर नसतात, त्यामुळे अगदी चिकटून मर्यादा ठेवू नये. बीएमसी हे वाचन एका बाइटमध्ये साठवते, म्हणून बहुतेक बोर्डांवर मधला आकडा दिला तर तो जवळच्या पायरीवर सरकतो; दिलेला आकडा खरोखर बसला की नाही, हे यादी पुन्हा काढून पाहावे. काही बोर्डांवर वीज गेल्यावर जुन्या मर्यादा परत येतात, म्हणून हा आदेश सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) छोट्या सेवेत घालून दर वेळी यंत्र सुरू होताना चालवावा. मर्यादा शून्य करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो पाळल्यास पंखा खरोखर मेला तरी कोणी ओरडणार नाही.

यानंतर वेग ठरवावा. त्याचे ‘रॉ’ आदेश, म्हणजे बीएमसीला थेट पाठवायचे बाइट, प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या बोर्डासाठी लिहिलेले बाइट आपल्या बोर्डावर कधीही चिकटवू नयेत. वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि हवा मात्र निम्मीच कमी होते. म्हणून अगदी तळ गाठण्याचा हट्ट नको, मध्यावरच बहुतेक सुख मिळते.

तापमान पाहून वेग बदलणारी स्क्रिप्ट लिहिली, तर ती कोणत्याही कारणाने थांबताना ताबा बीएमसीच्या स्वयंचलित पद्धतीकडे परत देईल अशी व्यवस्था तिच्यात असावी. तापमान वाचता आले नाही, तर पूर्ण वेग द्यावा.

अखेरीस स्ट्रेस-एनजी या ताण-चाचणीच्या साधनाने यंत्राला अर्धा तास ताण देऊन पाहावे. प्रोसेसरबरोबर स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या आदेशाने डिस्कचे तापमानही तपासावे, आणि स्वतःचा पंखा नसलेले कार्ड असेल तर त्याचेही. समोरच्या डिस्क आणि असली कार्डे केवळ याच पंख्यांच्या वाऱ्यावर जगतात, आणि प्रोसेसर थंड असताना ती मुकाट्याने तापत राहतात. अर्ध्या तासानंतरही आकडा चढतच असेल, तर वेग पाच टक्क्यांनी वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी.