रेडिएटर तापत नसेल तर दोष कसा शोधावा

खोली उबदार ठेवणारा घरातील रेडिएटर गार पडला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. वास्तविक तो आधी रेडिएटरवर ठेवायला हवा. बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवणाऱ्या यंत्रणेत गारवा नेमका कुठे आहे, यावरून बिघाड बव्हंशी ओळखता येतो. म्हणून यंत्रणा सुरू करून अर्धा तास थांबावे आणि मग रेडिएटरचा वरचा भाग, खालचा भाग व दोन्ही टोकांच्या नळ्या जपून चाचपाव्यात, कारण नळी चटका बसण्याइतकी तापलेली असू शकते.

घरातील सगळेच रेडिएटर गार असतील तर एकेका रेडिएटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. अशा वेळी खोलीतील थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारे नियंत्रक), टायमर आणि बॉयलरवरील दाबमापक पाहावा. पाणी दाबाखाली ठेवणाऱ्या बंदिस्त यंत्रणेत पाणी थंड असताना काटा साधारणपणे १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) दरम्यान असतो. तो खाली उतरला असेल तर बॉयलरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे पाणी भरावे. मात्र भरल्यावरही दाब वारंवार उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे असे समजून ती शोधावी.

एकच रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकलेली आहे. ती काढण्यासाठी यंत्रणा बंद करून पाणी निवू द्यावे. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडण्याचा लहान चौकोनी स्क्रू असतो. त्याखाली फडके व वाटी धरून चावीने तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव ते अर्धा फेरा फिरवावा. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली की तिथेच थांबावे; स्क्रू आणखी सैल केला तर तो निसटून हातात येतो आणि मागोमाग काळपट पाण्याची धार भिंतीवर उडते. फुसफुस थांबून पाणी सलग येऊ लागताच स्क्रू बंद करावा आणि दाब पुन्हा तपासावा, कारण हवा गेली की दाबही थोडा उतरतो. आत गंज चढत असेल तर या हवेत ज्वालाग्राही हायड्रोजनही असू शकतो, म्हणून जवळपास पेटती ज्योत नसावी.

रेडिएटर संपूर्ण गार आणि शेजारच्या खोलीतला मात्र व्यवस्थित गरम असेल, तर संशय व्हॉल्व्हवर घ्यावा. तापमान नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने बंद राहिला की त्यातील पिन आत दबलेल्या स्थितीतच चिकटून बसते, आणि म्हणूनच ही तक्रार हिवाळ्याच्या तोंडावर हमखास येते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून वरचे आकडे असलेले डोके सोडवावे. आत दिसणारी बारीक पिन एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबून पाहावी. ती काही मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगच्या जोराने परत वर यायला हवी. ती येत नसेल तर व्हॉल्व्हच्या बाजूंना हलके ठोके देऊन पुन्हा दाबावी, पण पक्कडीने ओढू नये, नाहीतर पिन उपटून निघते आणि पाणी थेट खोलीत येते. पिन मोकळी असूनही गारवा कायम राहिला तर दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा व्हॉल्व्ह कोणी बंद केलेला नाही ना, हे पाहावे.

वरून गरम पण खालून, विशेषतः मधोमध, गार लागणाऱ्या रेडिएटरमध्ये लोहगंजाचा काळा गाळ साचलेला असतो. हवा काढून इथे काही उपयोग नाही. रेडिएटर उतरवून धुणे किंवा संपूर्ण यंत्रणा फ्लश करणे, म्हणजे पाणी सोडून आतून धुऊन काढणे, हाच उपाय असून तो जाणकाराकडून करून घेतलेला बरा, आणि त्यानंतर पाण्यात गंजरोधक घालून घ्यावे. गॅस बॉयलरचे झाकण तर घरच्या घरी उघडूच नये.

राहता राहिला बॉयलरपासून सर्वांत दूरचा, जेमतेम कोमट होणारा रेडिएटर. जवळचे रेडिएटर बहुतेक गरम पाणी आपल्याकडे खेचून घेत असल्यामुळे त्याच्या वाट्याला थोडेच येते. जवळच्या रेडिएटरांचे टोपीखालचे व्हॉल्व्ह एका वेळी पाव फेरा आवळावेत, मूळ स्थिती आधी लिहून ठेवावी, आणि प्रत्येक बदलानंतर निदान अर्धा तास थांबूनच पुढचा फेरा द्यावा.