जुना डेटाबेस लो-कोडला जोडताय? या चुका टाळा

जुना डेटाबेस लो-कोडला (फारसा कोड न लिहिता ॲप बनवायच्या प्लॅटफॉर्मला) जोडायला घेतला की मला स्क्रीनशॉट येतो, खाली एकच ओळ: ‘कनेक्ट होत नाहीये.’ मी आधी होस्टचा, म्हणजे डेटाबेसच्या मशीनच्या पत्त्याचा, रकाना बघतो. तिथे हमखास ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं असतं. अहो, प्लॅटफॉर्म क्लाउडवर चालतो. त्याचा लोकलहोस्ट म्हणजे त्याचंच मशीन, तुमचं नव्हे! शिवाय तुमचा डेटाबेस पोस्टग्रेसवर असेल आणि त्याची मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल, तर तो बाहेरच्या कुणाचं ऐकतच नाही.

एरर वाचायची सवय लावा. ‘टाइमआउट’ आला तर बहुधा फायरवॉल आडवा आलाय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर मी खूश होतो. दारापर्यंत पोचलोय, किल्ली तेवढी चुकली. पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शनच्या यूआरएलमधून जात नसेल तर त्यात ‘@’ आहे का बघा. तिथे ते ‘%४०’ असं लिहावं लागतं.

घाई झालेली मंडळी फायरवॉलमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळ्या जगाला दार उघडं) टाकून मोकळी होतात. ‘टेस्टिंगपुरतं’ म्हणे. टेस्टिंग संपतं, नियम तसाच राहतो. प्लॅटफॉर्मचे आयपी त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बहुतेक वेळा दिलेले असतात, तेवढेच टाका.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: ॲडमिनचाच युजर देणं. एका टीमने तेच केलं होतं, आणि घाईत मीही मान डोलावली होती. प्लॅटफॉर्मचा ग्रिड दिसतो स्प्रेडशीटसारखा. एकाला स्क्रीनवर एक कॉलम नको होता. त्याने ‘हाइड’ऐवजी ‘डिलीट’ दाबलं. त्याच्या मते त्याने आपला व्ह्यू नीटनेटका केला. खाली चालू डेटाबेसवर ‘ड्रॉप कॉलम’ (कॉलम डेटासकट उडवायची आज्ञा) चालली. बिलिंग बंद. बॅकअप आदल्या रात्रीचा. तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवला, आयडी जुळवून कॉलम परत भरला, आणि त्या दिवसभरातल्या नोंदी कागद बघत हाताने टाइप केल्या. पहाट झाली.

तेव्हापासून प्लॅटफॉर्मसाठी वेगळा युजर, हव्या त्याच टेबलांवर आणि सुरुवातीला फक्त ‘सिलेक्ट’ (वाचायची परवानगी). महिनाभराने कुणी खरंच मागितलं तर ‘अपडेट’ (बदलायची परवानगी), तेही ठरावीक कॉलमवर. पोस्टग्रेसमध्ये तसं देता येतं. पासवर्ड प्लॅटफॉर्मला देण्याआधी त्याच युजरने टर्मिनलमधून लॉगिन करून टेस्ट डेटाबेसवर मीच एक कॉलम उडवायचा प्रयत्न करतो. ‘मस्ट बी ओनर ऑफ टेबल’ असं तोंडावर आलं की मगच पुढे.

त्याच युजरला कनेक्शनची मर्यादाही घाला. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे, आणि प्लॅटफॉर्मचा पूल (त्याने उघडून ठेवलेली कनेक्शन) त्यातली किती खाईल याचा नेम नसतो.

ओळी दिसतात पण एडिट होत नाहीत? टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) आहे का बघा.

नवा कॉलम दिसत नाही? आधी प्लॅटफॉर्ममध्ये स्कीमा (टेबलांची रचना) रिफ्रेश करा, मग मला फोन करा.

बेरीज चुकते? मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स या लो-कोड प्लॅटफॉर्ममध्ये डेटाबेसकडे सोपवता न येणारा फिल्टर लावला, तर मुळात पहिल्या ५०० ओळीच येतात. मर्यादा वाढवून वाढवून २,०००. एडिटरमध्ये पिवळा इशारा येतो, पण ॲप वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. तो समोरचा आकडा खरा मानून पुढे पाठवतो.